ग्राफिक्स कार्ड : पैसा वसूल कसा होतो

गेमिंगच्या पीसीत सर्वांत महाग भाग असतो तो ग्राफिक्स कार्ड. एकूण खर्चाचा तिसरा हिस्सा, कधीकधी जवळजवळ निम्मी रक्कम एकट्या कार्डावर जाते. त्यामुळे निवड चुकली की सर्वांत मोठा फटकाही इथेच बसतो. स्वस्त कार्ड आणि पैसा वसूल करणारे कार्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकाच्या घरी उत्तम चालणारे कार्ड दुसऱ्याच्या घरी निम्म्या ताकदीने चालते, कारण ते कार्ड ज्या पडद्याला, प्रोसेसरला आणि एसएमपीएसला (वीजपुरवठ्याच्या डब्याला) जोडले जाते त्यांच्यावर त्याचे काम अवलंबून असते. नाशिक जिल्ह्यातल्या देवळ्यासारख्या तालुक्याच्या गावी यात आणखी तीन बाबी येतात : विजेचा दाब, उन्हाळ्यातले तापमान आणि सर्व्हिस सेंटरचे अंतर. या सगळ्यांचा हिशेब मांडून कार्ड कसे निवडावे, हा या प्रकरणाचा विषय आहे.

कार्ड नेमके काय करते

फुल एचडी पडद्यावर आडवे १९२० आणि उभे १०८० असे एकूण २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. गेम चालू असताना प्रत्येक पिक्सेलचा रंग नव्याने ठरवावा लागतो आणि सेकंदाला ६० चित्रे हवी असतील तर हे काम सेकंदाला १२ कोटी ४४ लाखांहून अधिक वेळा होते. घरगुती प्रोसेसरमध्ये सहा-आठ मोठे गाभे असतात. ते एकामागून एक येणारी गुंतागुंतीची कामे झपाट्याने उरकतात. पिक्सेलचे काम मात्र सोपे, पण अफाट संख्येचे असते. त्यासाठी हजारो छोटे गाभे एकाच वेळी राबवणारी चिप लागते आणि तिलाच जीपीयू म्हणतात. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०६० या मधल्या दर्जाच्या कार्डावर असे ३,०७२ गाभे आहेत.

‘जीपीयू’ हा शब्द बाजारात रुळला तो १९९९ साली, एनव्हिडियाने जीफोर्स २५६ हे कार्ड त्या नावाने विकायला काढल्यावर. पुढे समांतर गणिताची हीच पद्धत वैज्ञानिक कामालाही उपयोगी ठरली. पुण्याच्या सी-डॅकमधला ‘परम सिद्धी–एआय’ हा महासंगणक एनव्हिडियाच्या ए१०० चिपांवर चालतो; नोव्हेंबर २०२० मध्ये जगातल्या ५०० वेगवान संगणकांच्या यादीत तो ६३ वा होता. घरातल्या गेमसाठी आणि कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणारी चिप आणि मेमरी थोड्याच कारखान्यांत तयार होते. म्हणून तिकडची मागणी वाढली की गेमिंग कार्डाचा भावही हलतो.

आज घरगुती कार्डांच्या चिपा तीन कंपन्या बनवतात : एनव्हिडिया (जीफोर्स), एएमडी (रेडिऑन) आणि इंटेल (आर्क). एएमडीने २००६ साली एटीआय ही कंपनी विकत घेतली आणि रेडिऑन तिच्याकडे आले. इंटेलची आर्क कार्डे २०२२ पासून बाजारात आहेत. प्रत्यक्ष कार्ड मात्र बहुतेक वेळा आसुस, गिगाबाइट, एमएसआय, झोटॅक, सफायर, अ‍ॅसरॉक अशा कंपन्यांचे असते. चिप तीच, पंखे, पट्टी आणि वॉरंटी त्यांची.

आधी पडदा, मग कार्ड

निवडीची सुरुवात मॉनिटरपासून करावी. फुल एचडीच्या तुलनेत १४४०पी पडद्यावर (२५६० × १४४०) ३६ लाख ८६ हजार पिक्सेल, म्हणजे पावणेदोन पटींहून थोडे जास्त, आणि फोर-केवर (३८४० × २१६०) ८२ लाख ९४ हजार, म्हणजे बरोबर चौपट पिक्सेल असतात. फुल एचडीवर सेकंदाला १०० चित्रे देणारे कार्ड फोर-केवर बरेच खाली येते. घरातला मोठा फोर-के टीव्ही मॉनिटर म्हणून वापरण्याचा बेत असेल, तर गेममधले रिझोल्यूशन फुल एचडीवर ठेवायची तयारी हवी, नाहीतर कार्डाचे बजेट दुप्पट-तिप्पट करावे लागते.

दुसरा आकडा हर्ट्झचा. ६० हर्ट्झचा मॉनिटर सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलतो. कार्डाने ११० चित्रे तयार केली, तरी त्यांतली पन्नास पडद्यावर पूर्णपणे उमटत नाहीत. हाताच्या हालचालीला मिळणारा प्रतिसाद किंचित सुधारतो, पण तेवढ्यासाठी दहा हजार रुपये जादा मोजण्यात अर्थ नाही. उलट १४४ किंवा १६५ हर्ट्झचा मॉनिटर आधीच असेल, तर कमकुवत कार्ड लावून त्याची ताकद वाया जाते. मॉनिटर आणि कार्ड एकाच वेळी घ्यायचे असतील, तर दोघांची रक्कम एकत्र धरूनच वाटणी करावी.

कोणता गेम खेळायचा

व्हॅलोरंट आणि काउंटर-स्ट्राइक २ हे स्पर्धात्मक गेम मुद्दाम हलके ठेवलेले आहेत. व्हॅलोरंटच्या कंपनीने सेकंदाला १४४ पेक्षा जास्त चित्रांसाठी जीटीएक्स १०५० टीआय हे २०१६ सालचे कार्ड पुरेसे मानले आहे. २०१५ साली पीसीवर आलेला जीटीए ५ आजच्या कोणत्याही नव्या कार्डावर सुरळीत चालतो. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली काढलेला ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हाही मध्यम ताकदीच्या कार्डावर खेळता येतो. असेच गेम खेळायचे असतील तर रायझन ५ ५६००जी किंवा ८६००जी यांसारखा, आतच ग्राफिक्स असलेला प्रोसेसर घेऊन वेगळे कार्ड टाळता येते. अशा वेळी रॅमच्या दोन पट्ट्या बसवाव्यात. आतले ग्राफिक्स मुख्य रॅमच वापरतात आणि एकाच पट्टीवर त्यांचा वेग बराच घसरतो.

मोठ्या खर्चाचे कथानकप्रधान गेम मात्र दरवर्षी जड होत चालले आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये आलेला ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ आणि मे २०२५ मधला ‘डूम : द डार्क एजेस’ हे दोन्ही गेम रे ट्रेसिंगची सोय असलेल्या चिपशिवाय चालत नाहीत. प्रकाशकिरणांचा मार्ग काढून छाया आणि प्रतिबिंबे दाखवण्याच्या पद्धतीला रे ट्रेसिंग म्हणतात. जीटीएक्स मालिकेतली कार्डे आणि आरएक्स ५८० यांच्यात ती सोय नाही. म्हणून पुढची चार-पाच वर्षे नवे मोठे गेम खेळण्याचा विचार असेल, तर ही कार्डे कितीही स्वस्त मिळाली तरी ती घेऊ नयेत.

कार्डाचे नाव वाचणे

आरटीएक्स ४०६० या नावात पहिले दोन आकडे पिढी सांगतात आणि शेवटचे दोन दर्जा. ५० हा खालचा, ६० मधला, ७० त्याच्या वरचा आणि ८०-९० सर्वांत वरचा. ‘टीआय’ म्हणजे त्याच दर्जातला सुधारित प्रकार. एएमडीने आरएक्स ९०७० आणि ९०६० एक्सटी यांच्या पिढीपासून साधारण हीच मांडणी स्वीकारली आहे. मात्र ५०५० हा आकडा मोठा दिसतो म्हणून ते कार्ड ४०६० पेक्षा वेगवान आहे असे समजू नये. पिढी पुढची आणि दर्जा खालचा असेल, तर चाचण्यांचे आकडे पाहूनच निर्णय घ्यावा.

नावाखाली दडलेले फरक हा खरा सापळा आहे. २०१६ सालच्या जीटीएक्स १०६० चे ३ जीबी आणि ६ जीबी असे दोन प्रकार होते. फरक फक्त मेमरीचा वाटे, पण ३ जीबीवाल्यात गाभेही कमी होते : १,२८० ऐवजी १,१५२. जीटी १०३० चा जीडीडीआर५ ऐवजी साधी डीडीआर४ मेमरी लावलेला प्रकार २०१८ मध्ये आला आणि त्यात मेमरीचा वेग जवळजवळ एकतृतीयांशावर उतरला. आरटीएक्स ३०६० मूळचे १२ जीबीचे. त्याच नावाने पुढे ८ जीबीचा, अरुंद मेमरी मार्गाचा प्रकार निघाला. आरटीएक्स ३०५० चेही तसेच : ८ जीबीच्या प्रकारात २,५६० गाभे आणि १३० वॅट, तर फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या ६ जीबीच्या प्रकारात २,३०४ गाभे आणि ७० वॅट. म्हणून बिलावर आणि खोक्यावर फक्त ‘३०५०’ एवढे पाहून चालत नाही. मेमरीचा आकडा आणि पूर्ण मॉडेल नंबर जुळवून घ्यावा.

मेमरी : किती आणि किती वेगाची

गेममधल्या भिंती, चेहरे, जमीन यांची चित्रे (टेक्स्चर) कार्डावरच्या मेमरीत भरलेली असतात. तिला व्हीरॅम म्हणतात. ती पुरली नाही तर कार्डाला ही चित्रे पीसीच्या मुख्य रॅममधून आणावी लागतात. तो मार्ग कितीतरी संथ असतो. तेव्हा सरासरी एफपीएस (फ्रेम पर सेकंद, म्हणजे सेकंदाला चित्रे) चांगला दिसतो, पण खेळ मध्येच अडखळतो. म्हणून चाचणी वाचताना सरासरीबरोबर ‘वन पर्सेंट लो’ हा आकडाही पाहावा. सर्वांत मंद एक टक्का चित्रांच्या वेळी वेग किती उरला होता, ते तो सांगतो.

२०२५-२६ च्या स्थितीत फुल एचडीसाठी ८ जीबी ही किमान मर्यादा झाली आहे. नव्या जड गेममध्ये टेक्स्चर सर्वोच्च पातळीवर ठेवल्यास तीही अपुरी पडते. १४४०पीसाठी १२ जीबी, आणि पाच वर्षे कार्ड बदलायचे नसेल तर १६ जीबी घ्यावी. एकाच कार्डाचे ८ आणि १६ जीबी असे दोन प्रकार असतील आणि किमतीतला फरक सोसण्याजोगा असेल, तर १६ जीबीचे घेणे बहुतेकदा शहाणपणाचे ठरते. आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही कार्डे अशा दोन प्रकारांत मिळतात. पण कमकुवत चिपवर लावलेली भरपूर मेमरी निव्वळ दिखावा असतो. चिप दमली की रिकामी मेमरी तिला मदत करू शकत नाही.

मेमरीचा वेग दोन आकड्यांवरून निघतो : मार्गाची रुंदी (बिट) आणि प्रत्येक तारेवरचा वेग. दोन्हींचा गुणाकार करून ८ ने भागले की सेकंदाला किती जीबी वाहून नेता येतात ते कळते. आरटीएक्स ४०६० : १२८ बिट आणि १७ गिगाबिट, म्हणजे २७२ जीबी. आरटीएक्स ५०६० : तीच १२८ बिट, पण नवी जीडीडीआर७ मेमरी २८ गिगाबिटची, म्हणून ४४८ जीबी. इंटेल आर्क बी५८० : १९२ बिट आणि १९ गिगाबिट, म्हणजे ४५६ जीबी. यावरून दिसते की नुसती बिटसंख्या पाहून कार्ड नाकारणेही चूक आणि निवडणेही चूक.

प्रोसेसर, मदरबोर्ड आणि जुने ऑफिस पीसी

प्रत्येक चित्रासाठी काय काढायचे याची आज्ञा प्रोसेसर देतो. प्रोसेसर सेकंदाला ६० चित्रांपुरत्याच आज्ञा देऊ शकत असेल, तर १२० चित्रांचे कार्डही ६० वरच थांबते. विहिरीवर दहा एचपीची मोटर बसवून पुढे एक इंची पाइप जोडण्यासारखाच हा प्रकार. सध्याच्या मधल्या दर्जाच्या कार्डांना कोअर आय५ १२४००एफ किंवा रायझन ५ ५६०० या दर्जाचा प्रोसेसर पुरतो.

तालुक्याच्या गावांत रिफर्बिश्ड ऑफिस पीसींची विक्री मोठी असते. डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी एलिटडेस्क, लेनोवो थिंकसेंटर असे हे पीसी कंपन्यांच्या कार्यालयांतून बाहेर पडून स्वच्छ होऊन विकले जातात. अभ्यासाला ते उत्तम, पण गेमिंगसाठी घेताना चार गोष्टी तपासाव्या लागतात. पहिली, कॅबिनेटची उंची : बारक्या कॅबिनेटमध्ये अर्ध्या उंचीचे, म्हणजे लो प्रोफाइल कार्डच बसते. दुसरी, एसएमपीएस : तो बहुधा अडीचशे वॅटच्या आतबाहेरचा, कंपनीच्या खास आकाराचा असतो आणि कार्डाला वीज देणारी वेगळी वायर त्याला नसते. तिसरी, प्रोसेसरची पिढी : विंडोज ११ इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीच्या बहुतेक प्रोसेसरवर अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. चौथी, पीसीआयई स्लॉटची, म्हणजे मदरबोर्डवर कार्ड बसवायच्या खाचेची, पिढी.

स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळतात. त्यामुळे अशा पीसीला ७० वॅटचे आरटीएक्स ३०५० (६ जीबी) हे सर्वांत सोयीचे नवे कार्ड ठरते. त्याचे लो प्रोफाइल प्रकारही मिळतात. ५३ वॅटचे आरएक्स ६४०० त्याहून स्वस्त असते, पण ते स्लॉटच्या १६ पैकी ४ मार्गिकाच वापरते. पीसीआयई ४.० च्या बोर्डावर हे भागते, जुन्या ३.० च्या बोर्डावर मार्गाचा वेग निम्मा होतो आणि ४ जीबी मेमरी भरली की खेळ अडखळू लागतो. आरटीएक्स ४०६० आणि ५०६० ही ८ मार्गिकांची कार्डे आहेत, तर आरएक्स ९०६० एक्सटी पूर्ण १६ मार्गिकांचे. ३.० चा जुना बोर्ड तसाच ठेवायचा असेल, तर हा फरक लक्षात घ्यावा.

इंटेलच्या आर्क कार्डांना मदरबोर्डवर ‘रिसायझेबल बार’ ही सोय चालू असावी लागते. ती नसेल तर वेग मोठ्या प्रमाणात घटतो. बी५८० हे कार्ड कमी किमतीत १२ जीबी देते, पण जुन्या किंवा कमकुवत प्रोसेसरसोबत त्याची कामगिरी इतरांपेक्षा जास्त खालावते. नव्या पीसीसाठी ते चांगले, जुन्या पीसीसाठी नाही.

वीज : एसएमपीएसचे लेबल

कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या एसएमपीएसवर ठळक अक्षरांत ‘४५० वॅट’ लिहिलेले असते. ग्राफिक्स कार्ड वीज घेते ती मुख्यतः १२ व्होल्टच्या वाहिनीवरून. म्हणून लेबलावरच्या तक्त्यात १२ व्होल्टखालचा अँपिअरचा आकडा शोधावा आणि त्याला १२ ने गुणावे. तिथे १८ अँपिअर असतील तर खरी ताकद २१६ वॅट. ३६ अँपिअर असतील तर ४३२ वॅट. पहिल्या एसएमपीएसवर ११५ वॅटचे कार्ड आणि शंभर वॅट खाणारा प्रोसेसर चालवणे म्हणजे आपत्तीला आमंत्रण. १५०-१८० वॅटच्या कार्डासाठी नामांकित कंपनीचा, ८० प्लस प्रमाणपत्राचा ५५० वॅटचा एसएमपीएस पुरतो.

त्याच लेबलावर ‘इनपुट’ हा रकाना असतो. देवळा, कळवण, सटाणा, मालेगाव या कसमादे पट्ट्यात अनेक कुटुंबे गावात नव्हे तर मळ्यात राहतात. तिथे पंप सुरू झाले की लाइटचा दाब पडतो आणि ते बंद झाले की चढतो. इनपुट १०० ते २४० व्होल्ट असलेला एसएमपीएस हा चढउतार सहन करतो. फक्त २००-२४० लिहिलेला बंद पडतो किंवा पीसी रिस्टार्ट होतो. अर्थिंग नीट नसेल तर कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येतात. कार्ड आणण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून हे काम करून घ्यावे.

यूपीएसवर लिहिलेला ६०० व्हीए हा आकडाही वॅट नसतो. असा यूपीएस साधारण ३६० वॅटचा भार पेलतो. गेम चालू असताना पीसी आणि मॉनिटर मिळून ३०० वॅट घेत असतील, तर तो काही मिनिटेच टिकतो, म्हणजे गेम सेव्ह करून पीसी बंद करण्यापुरता. घरच्या इन्व्हर्टरवर गेम खेळायचा असेल तर तो यूपीएस मोडवर ठेवावा, नाहीतर लाइट जाताच पीसी बंद पडतो.

वापराचे बिलही किमतीत धरावे. इंटेलचे जुने आर्क ए७५० हे कार्ड २२५ वॅटचे आणि आरटीएक्स ४०६० हे ११५ वॅटचे. फरक ११० वॅटचा. रोज तीन तास खेळल्यास वर्षाला सुमारे १२० युनिट जास्त जातात. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाला १,२०० आणि चार वर्षांत ४,८०० रुपये. दुकानात चार हजारांनी स्वस्त दिसणारे कार्ड असे घरी येऊन महाग पडते.

उन्हाळा आणि धूळ

कार्डाचे तापमान खोलीच्या तापमानाच्या हिशेबाने चढते. २५ अंशांच्या खोलीत ६५ अंशांवर राहणारे कार्ड ४० अंशांच्या खोलीत ८० अंशांच्या आसपास जाते. ठरलेल्या मर्यादेजवळ पोचल्यावर चिप स्वतःहून वेग कमी करते. चाचण्या बहुधा वातानुकूलित खोलीत केलेल्या असतात. मालेगाव-देवळा भागात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि पत्र्याच्या छताखाली त्याहूनही वर जातो. म्हणून एकाच चिपची दोन कार्डे समोर असतील, तर दिवे लावलेल्यापेक्षा जाड हीटसिंकचे घ्यावे. कमी वॅटचे कार्ड इथे दुहेरी फायद्याचे ठरते : खोली कमी तापते आणि पंख्यांचा आवाजही कमी.

पुढून हवा घेणारे जाळीदार कॅबिनेट, त्याला धुळीची गाळणी आणि दोन-तीन महिन्यांतून एकदा ब्लोअरने सफाई, एवढ्याने बराच फरक पडतो. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा; तो हवेने जोरात फिरला तर बेअरिंग बिघडू शकते. उन्हाळ्यापुरती कार्डाची वीजमर्यादा एमएसआय आफ्टरबर्नरसारख्या मोफत प्रोग्रॅममधून ८० टक्क्यांवर आणली, तर वेग थोडाच कमी होतो आणि तापमान लक्षणीय उतरते.

किमतीचा हिशेब

कार्डांची मूळ किंमत डॉलरमध्ये जाहीर होते आणि अमेरिकेतल्या त्या आकड्यात तिथला विक्रीकर नसतो. भारतात त्यावर १८ टक्के जीएसटी येतो. डॉलर ८५ रुपये धरला तर २९९ डॉलरच्या आरटीएक्स ५०६० चा हिशेब २५,४१५ अधिक जीएसटी, म्हणजे सुमारे ३०,००० रुपये होतो. ३४९ डॉलरचे आरएक्स ९०६० एक्सटी (१६ जीबी) ३५,००० च्या, ४२९ डॉलरचे आरटीएक्स ५०६० टीआय (१६ जीबी) ४३,००० च्या आणि २४९ डॉलरचे आर्क बी५८० २५,००० च्या आसपास येते. डॉलरचा त्या दिवसाचा दर घेऊन हा हिशेब पुन्हा करावा. बाजारातला भाव त्याहून फार वर असेल, तर ती टंचाई तरी असते किंवा विक्रेत्यांची मार्जिन.

कार्डांची तुलना करायची तर किंमत भागिले एफपीएस हे साधे माप वापरतात. समजा, ‘अ’ कार्ड २२,००० चे आणि ५५ एफपीएसचे आहे. ‘ब’ ३२,००० चे आणि ७८ एफपीएसचे. एका फ्रेमला ‘अ’ चे ४०० रुपये पडतात आणि ‘ब’ चे ४१०. ‘अ’ सरस दिसते. पण पूर्ण पीसी नवा घ्यायचा असेल आणि बाकीचे भाग ३८,००० चे असतील, तर ‘अ’ सह फ्रेमला १,०९१ रुपये आणि ‘ब’ सह ८९७ रुपये पडतात. म्हणजे ‘ब’ सरस. उलट जुन्या पीसीत ‘ब’ लावायला ४,००० चा नवा एसएमपीएस लागत असेल, तर ‘ब’ ची फ्रेम ४६२ रुपयांवर जाते. एसएमपीएस बदलावा लागला नाही, पण मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल तर ७८ पैकी ६० फ्रेमच उपयोगी. मग ‘ब’ ५३३ रुपयांना पडते. कार्डे तीच, उत्तरे वेगळी. म्हणून दुसऱ्याच्या यादीतले ‘सर्वोत्तम कार्ड’ जसेच्या तसे उचलू नये.

या हिशेबात डीएलएसएस, एफएसआर आणि एक्सईएसएस यांचे आकडे मिसळू नयेत. कमी पिक्सेलचे चित्र काढून ते हुशारीने मोठे करण्याची ही तंत्रे उपयुक्त आहेत आणि कार्डाचे आयुष्य वाढवतात. मात्र त्यांतल्या ‘फ्रेम जनरेशन’मध्ये दोन खऱ्या चित्रांमध्ये बनवलेली चित्रे घातली जातात. हालचाल गुळगुळीत दिसते, पण माऊसला मिळणारा प्रतिसाद खऱ्या चित्रांच्याच वेगाने येतो. मुळात ५०-६० एफपीएस असतील तर ती शोभते. २५ चे १०० करून दाखवलेले असतील तर तो आकडा जाहिरातीपुरता.

तालुक्यातल्या लग्नांचे व्हिडिओ एडिट करणारे स्टुडिओ किंवा थ्रीडीचे शिक्षण घेणारे विद्यार्थी तेच कार्ड कामालाही वापरतात. ब्लेंडरसारख्या आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अनेक प्रोग्रॅमांत एनव्हिडियाच्या कुडा प्रणालीला सर्वांत व्यापक आधार आहे. तेव्हा थोडी जास्त किंमत मोजणे योग्य ठरते. निव्वळ गेमसाठी तो मुद्दा गौण.

सेकंडहँड कार्ड

२०२० ते २०२२ या काळात इथेरियम या कूटचलनाच्या खाणकामासाठी कार्डांची प्रचंड खरेदी झाली आणि किमती दुपटीवर गेल्या. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने ती पद्धतच बंद केली आणि दिवसरात्र राबवलेली कार्डे जुन्या बाजारात आली. आरएक्स ५८० हे त्यांतले ठळक नाव. ‘२०४८एसपी’ लिहिलेला त्याचा प्रकार मूळच्या २,३०४ गाभ्यांऐवजी २,०४८ गाभ्यांचा असतो. खाणकामासाठीच काढलेल्या पी१०६-१०० सारख्या कार्डांना तर मॉनिटर जोडायची जागाच नसते.

बनावट कार्डेही फिरतात. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या चिपच्या कार्डात खोटी माहिती भरून ते जीटीएक्स १०५० टीआय म्हणून खपवले जाते. जीपीयू-झेड हा मोफत प्रोग्रॅम अशी अनेक कार्डे ओळखतो आणि नावापुढे तसा इशारा देतो. जुने कार्ड घेताना ते विक्रेत्याच्या पीसीवर लावून बघावे, जीपीयू-झेडमध्ये गाभे आणि मेमरी मूळ माहितीशी जुळवावी, एखादी जड चाचणी वीसेक मिनिटे चालवून तापमान आणि पडद्यावर ठिपके येतात का ते पाहावे, सर्व पंखे आणि सर्व पोर्ट तपासावेत. मूळ बिल आणि शिल्लक वॉरंटी असलेल्या कार्डाला थोडे जास्त दिले तरी चालते. चालू हालतीतल्या पीसीवर लावून दाखवायला नकार मिळाला, तर व्यवहार तिथेच सोडावा. एनव्हिडियाने जीटीएक्स ९०० आणि १०००च्या मालिकांसाठी नव्या गेमच्या सुधारणा २०२५ मध्ये थांबवल्या, हेही किंमत ठरवताना धरावे.

खरेदी, बिल आणि तक्रार

देवळ्याहून मालेगाव आणि नाशिक हे जवळचे बाजार. मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, हा राज्यातला संगणकाच्या सुट्या भागांचा सर्वांत नावाजलेला बाजार. तिथे किंवा ऑनलाइन भाव कमी मिळतो. पण कार्ड बिघडले तर ते सर्व्हिस सेंटरला कोण नेणार, कुरिअरचा खर्च कोणाचा आणि किती दिवस लागणार, हे आधीच विचारून घ्यावे. जवळचा दुकानदार बदलून आणून द्यायला तयार असेल, तर हजार-दीड हजाराचा फरक सोसावा.

नव्या कार्डाला बहुतेक कंपन्या भारतात तीन वर्षांची वॉरंटी देतात. बिल जीएसटीचे असावे, त्यावर पूर्ण मॉडेल आणि सिरियल नंबर असावा, आणि तो नंबर कार्डावरच्या स्टिकरशी जुळावा. ‘बिलाशिवाय घेतले तर अठरा टक्के कमी’ ही सवलत घेतली, की वॉरंटीही गेली. ऑनलाइन मागवलेले खोके कुरिअरवाल्यासमोर फोडताना न थांबवता व्हिडिओ काढावा.

विक्रेता किंवा कंपनी दाद देत नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडेही जाता येते. म्हणजे कोलकात्याच्या विक्रेत्याविरुद्धची देवळ्यातल्या ग्राहकाची तक्रार नाशिकच्या आयोगापुढे चालू शकते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क नाही.

निवडीचा क्रम

एवढ्यावरून निवड अशी ठरते. फक्त व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक आणि जुने गेम : वेगळे कार्ड न घेता चांगल्या ग्राफिक्सचा प्रोसेसर. जुना ऑफिस पीसी : ७० वॅटचे आरटीएक्स ३०५० (६ जीबी), त्याहून वर जाऊ नये. नवा पीसी, फुल एचडी मॉनिटर आणि आखडते बजेट : आर्क बी५८० किंवा आरटीएक्स ५०६०, भाव ज्याचा सरस ते. नवे जड गेम, १४४०पी मॉनिटर आणि पाच वर्षांचा वापर : आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबी; रेंडरिंगचे कामही करायचे असल्यास आरटीएक्स ५०६० टीआय १६ जीबी. मॉडेले दीड-दोन वर्षांत बदलतील. आधी पडदा, मग गेम, मग पीसी आणि वीज, आणि सर्वांत शेवटी कार्ड हा क्रम मात्र पुढच्या खरेदीलाही लागू राहील.